पाखरबाईची वाटी

फार पूर्वी, राजेलोक आपल्या राज्यातल्या प्रत्येक ओढ्याला नावानं ओळखत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्याच्या टोकाला एक भला मोठा माळ होता. माळ म्हणजे नुसतं गवत. मधूनच एखादी बोर, एखादी बाभूळ, बाकी जिकडे पाहावं तिकडे कमरेइतकं पवन्या आणि कुसळी गवत. त्या गवतात तणमोर राहायचा.

तुम्ही तणमोर पाहिला नसेल. नावात मोर आहे म्हणून पिसारा शोधू नका, तो त्याला नाही. कोंबडीएवढा पक्षी, पाय उंच, मान लांब. एरवी तो गवतातून असा दबकत चालतो की शेजारून गेलात तरी कळणार नाही. पण पावसाळ्यात गवत वाढलं की नराच्या अंगात काय येतं कोण जाणे. उभ्या जागेवरून तो सरळ गवताच्या वर उडी मारतो, पंख फडफडवतो, टर्र असा आवाज करतो आणि पुन्हा गवतात बुडतो. थोड्या वेळानं पुन्हा उडी. हे दिवसभर चालतं. कुठल्यातरी मादीनं पाहावं म्हणून हा सगळा खटाटोप, आणि मादी बहुतेक वेळा दुसरीकडेच बघत असते.

या उड्यांवर त्या माळाचा एक रिवाज चालायचा. पहिली उडी दिसली की मेंढपाळ वेशीवरच्या खांबाला निरगुडीचा डहाळा बांधत. डहाळा बांधला की माळ मिटला. मग कुणी तिथं गुरं-मेंढरं घालायची नाहीत, सगळ्यांनी डोंगराकडे चरायला जायचं. उड्या थांबल्या की डहाळा सोडायचा आणि माळ उघडायचा. तोवर गवताला बी धरायला सवड मिळालेली असे आणि तणमोराची पिलं पळण्याएवढी झालेली असत. कुणाला दंड नाही, कुणावर पहारा नाही. पाखरू सांगायचं आणि माणसं ऐकायची.

पुढे, या गोष्टीत जो राजा येणार आहे त्याच्या आजोबांना शिकारीचा नाद लागला. आपण होऊन उडी मारून 'मी इथं आहे' असं सांगणारा पक्षी मारायला काय मोठी अक्कल लागते? दरवर्षी हत्ती-घोडे घेऊन मंडळी यायची आणि उडी दिसली की बाण सोडायची. असं करता करता माळावरचे तणमोर संपले. आजोबांनी हौसेनं राजवाड्याच्या बागेत जाळीखाली ठेवलेल्या चार जोड्या तेवढ्या उरल्या.

तणमोर गेले आणि माळाचं घड्याळ बंद पडलं. एक म्हणे आज माळ मिटवू, दुसरा म्हणे अजून आठ दिवस चारू. नव्या राजानं दवंडी पिटून तारीख ठरवून दिली, पण पाऊस काही राजाची दवंडी ऐकून येत नाही. गवत बी धरण्याआधीच ओरबाडलं जाऊ लागलं. काही वर्षांत माळावर जागोजागी टक्कल पडलं आणि मेंढ्यांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

हा नवा राजा मनाचा चांगला होता. फक्त धीर नावाची गोष्ट त्याच्याकडे नव्हती. आंबा पिकायच्या आधी तीनदा दाबून बघणाऱ्यांतला तो. त्यानं बागेतली पाखरं सांभाळणाऱ्या बाईला बोलावलं.

"बाई, आजोबांनी केलं ते आपण निस्तरू. तणमोराची पिलं वाढवा आणि माळावर सोडू. कधी सोडायची? पुढच्या महिन्यात?"

"महाराज, अंडी तरी घालू द्या त्यांना," बाई म्हणाली.

या बाईला सगळे पाखरबाई म्हणत. तिला ना मूल ना बाळ. सगळी माया तिनं पाखरांवर ओतली होती. जाळीत घातलेली अंडी तणमोराची मादी नीट उबवत नसे, म्हणून ती अंडी उचलून खुडूक कोंबडीखाली ठेवायची. पिलं बाहेर आली की पाखरबाई एक पितळी वाटी घेऊन बसायची. वाटीत नाकतोडे आणि किडे असत. वाटीवर बोटातल्या अंगठीनं टिंग टिंग वाजवलं की पिलं धावत यायची, तिच्या मांडीवर चढायची, पदरात शिरायची. तिला वाटायचं, याहून मोठं सुख नाही. आणि खरं सांगायचं तर ते सुख मोठंच होतं.

दोन वर्षांत बारा पाखरं तयार झाली. राजानं ढोल-ताशे लावून, फुलं उधळून ती माळावर सोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजा इतका खूश झाला की त्यानं हत्तीलासुद्धा पेढा भरवला.

आठ दिवसांत सगळा खेळ आटोपला. वस्तीवर कुणी बाईनं भांडी घासताना तांब्या वाजवला की पाखरं धावत तिच्यापुढे हजर. काहींना कुत्र्यांनी धरलं, कारण कुत्र्यापासून पळायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. काहींना कोल्ह्यानं नेलं. दोघांना तर चांगल्या मनाच्या माणसांनी घरी नेलं आणि प्रेमानं दूध-भाकरी खाऊ घातली, त्यातच ती गेली. बारापैकी एकही माळावर उरलं नाही. पाखरबाई दोन दिवस जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी ती माळावर गेली. तिथं एक म्हातारा मेंढपाळ बसला होता. लहानपणी तणमोराच्या उड्या पाहिलेला, त्या भागातला तो शेवटचा माणूस.

"बाबा, माझं काय चुकलं?" तिनं विचारलं. "मी त्यांना काही कमी केलं का?"

म्हाताऱ्यानं तंबाखू मळता मळता तिच्याकडे पाहिलं. "कमी न्हाई केलंस लेकी, जादा केलंस. तुझी पाखरं माळाला वळखत न्हाईत, तुला वळखत्यात. आता तू काय जन्मभर त्यांच्या मागनं वाटी घिऊन फिरनार हायेस व्हय?"

पाखरबाईला ते फार लागलं. पण ती उठून गेली नाही, तिथंच बसली. अशी माणसं थोडी असतात.

"मग शिकवा मला," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी नऊ पिलं निघाली, तेव्हा ती बागेत ठेवली नाहीत. माळावरच बोरीच्या काट्यांचं मोठं कुंपण घातलं आणि वर मेंढ्या कोंडायची जाळी ताणली. म्हाताऱ्यानं पाखरबाईला आपली जुनी घोंगडी दिली आणि तिच्यात गवताच्या काड्या खोवल्या. मऊ पांगाऱ्याचं लाकूड कोरून त्यानं तणमोराचं एक डोकं बनवलं आणि काठीला बसवलं. पाखरबाई घोंगडीत संपूर्ण झाकून घ्यायची, वाकून आत शिरायची आणि त्या लाकडी चोचीनं जमिनीवरचे किडे टिपून दाखवायची. शब्द बोलायचा नाही. चेहरा दाखवायचा नाही. पिलांनी तिला आपली आई समजावं, पण ती माणूस आहे हे त्यांना कधी कळू नये, असा तो बेत होता. आकाशात शिक्रा दिसला की घोंगडी जमिनीला चिकटायची आणि पिलंही चिकटायची. म्हातारा आपलं कुत्रं दोरीला धरून आणायचा, ते भुंकलं की घोंगडी पळायची आणि पिलंही पळायची.

"आनि येक," म्हातारा म्हणाला होता, "नाव ठिवू नगंस कुनाला. नाव ठिवलं की हाक माराविशी वाटतीया."

सगळ्यात अवघड धडा शेवटचा होता, माणसाला भ्यायचा. राजा म्हणाला, "त्यासाठी मी शिपाई पाठवतो, चांगले मिशीवाले."

"नको महाराज," पाखरबाई म्हणाली. "मग त्यांना वाटेल मिशीवाला तेवढा वाईट. मीच जाते."

तिनं घोंगडी काढून ठेवली, आपल्या रोजच्या लुगड्यात ती कुंपणात शिरली आणि तीच पितळी वाटी दगडानं ठणाठणा बडवत पिलांच्या अंगावर धावली. पिलं जिवाच्या आकांतानं गवतात पळाली. बाहेर आल्यावर ती एका दगडावर बसून रडली. मग डोळे पुसले आणि पुन्हा आत जाऊन वाटी बडवली. असं महिनाभर चाललं.

आता तिच्या हातून एक चूक झाली होती, ती सांगायला हवी. नवांतलं एक पिलू जन्मापासून अशक्त होतं, एक पाय जरा झटकून चालायचं. ही मादी होती. ऐन गारव्यात ते मान टाकून पडलं, तेव्हा पाखरबाईनं कुणाला न सांगता ते कुंपणाशेजारच्या आपल्या झोपडीत नेलं. पदरात गुंडाळलं. पंधरा दिवस ते तिच्या उशाशी होतं. आणि त्याला खाऊ घालताना तिनं वाटीवर अंगठी वाजवली, टिंग टिंग, अगदी पूर्वीसारखी. नावही ठेवलं, बारकी. बारकी जगली. तिनं तिला परत इतर पिलांत सोडलं आणि मनाशी म्हणाली, विसरेल.

बारकी विसरली नाही. पाखरबाई दगडानं वाटी बडवत आली की आठ पाखरं पळत आणि एक तिच्या पायाशी येऊन उभं राही. पाखरबाई तिला हळूच पायानं बाजूला सारायची आणि उद्या बघू म्हणायची. तो उद्या काही उगवला नाही.

सोडायचा दिवस आला. राजानं या वेळी ढोल आणले नाहीत, एवढा तो शिकला होता. पण शेजारच्या दोन राजांना बोलावल्याशिवाय त्याला राहवलं नाही. कुंपण उघडलं. आठ पाखरं गवतात शिरली आणि दिसेनाशी झाली. पाहुणे वाट पाहत राहिले. गवत हलत होतं, बाकी काही नाही.

"हेच का पाहायला बोलावलं होतं?" एका पाहुण्या राजानं हसत विचारलं. आमच्या राजाचे कान लाल झाले.

तेवढ्यात उघड्या जागेतून एक पाखरू एक पाय झटकत तुरुतुरु पाखरबाईकडे येताना दिसलं. पाहुणे 'वा, वा' करू लागले. राजाचा चेहरा खुलला.

"बाई, ही तर तुमच्या ओळखीची!" तो म्हणाला. "घ्या तिला उचलून. पायानं जरा अधूच आहे, तिला कशाला माळावर पाठवायचं? आपल्या बागेत राहील तुमच्याजवळ. आठ गेली ती पुष्कळ झाली."

पाखरबाईनं खाली पाहिलं. बारकी तिच्या पायाशी उभी होती आणि मान वर करून तिच्याकडे बघत होती. नुसतं वाकायचं होतं. राजाची परवानगी होती, पाहुण्यांची वाहवा होती, आणि झोपडी फार रिकामी होती. तिला बारकी हवी होती. आपल्याला किती हवी आहे हे त्या क्षणी तिला पुरतं कळलं.

तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "नवांत माद्या तीनच हायेत लेकी. पन म्या काय सांगत न्हाई. तुझं तू बघ."

पाखरबाईनं कमरेची वाटी काढली. पाहुण्यांना वाटलं, आता ती खाऊ घालणार. तिनं जमिनीवरचा दगड उचलला आणि बारकीच्या कानाशी वाटी अशी ठणकावली की शेजारच्या राजाचा घोडा बिथरला. बारकी दचकून मागे सरली, आणि पुन्हा एक पाऊल पुढे आली.

"जा!" पाखरबाई ओरडली. ढेकळं उचलून ती बारकीच्या आजूबाजूला फेकू लागली. "जा म्हणते ना! हो चालती!"

बारकी पळाली. थोडं जाऊन थांबली आणि तिनं वळून पाहिलं. पाखरबाई वाटी बडवत तिच्या अंगावर धावली, तशी ती गवतात शिरली.

"काय दुष्ट बाई आहे!" पाहुणा राजा म्हणाला. आमच्या राजाला फार वाईट वाटलं, त्याहून जास्त राग आला, आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाखरबाईच्या झोपडीच्या दारात बारकी उभी. तिनं पुन्हा वाटी बडवून तिला माळाच्या मध्यापर्यंत पिटाळलं. तिसऱ्या दिवशी बारकी आली, पण दारापासून लांब, बोरीखाली थांबली. पाखरबाईनं नुसता दगड उचलला, तशी ती पळाली. चौथ्या दिवशी पाखरबाई पहाटेपासून दारात बसून होती. उन्हं वर आली. कुणी आलं नाही. तिनं झोपडीत जाऊन भाकरी थापली आणि तशीच टोपलीत झाकून ठेवली.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पाखरं आहेत की गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं. राजा पाखरबाईशी बोलत नव्हता, पण दर आठवड्याला माणूस पाठवून विचारायचा, "काही दिसलं का?" माणूस परत येऊन सांगायचा, "काही नाही." धीर कसा धरायचा असतो हे त्याला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

पावसाळ्यात गवत पुन्हा कमरेला लागलं. एका सकाळी म्हातारा मेंढपाळ मेंढ्या घेऊन माळाच्या कडेला आला आणि एकदम थांबला. गवताच्या वर काहीतरी काळं-पांढरं उसळलं, टर्र असा आवाज झाला आणि ते पुन्हा बुडालं. म्हाताऱ्याला वाटलं, डोळे फसवतात. पुन्हा उडी. मग पलीकडे दुसरी.

म्हातारा त्या वयात वेशीपर्यंत पळत गेला. त्यानं खांबाला निरगुडीचा डहाळा बांधला. डहाळा पाहून जो तो गुराखी जागच्या जागी थांबला, हसला आणि कळप डोंगराकडे वळवून निघून गेला. दवंडी पिटावी लागली नाही. माळ मिटला होता.

उड्या थांबल्या, माळ उघडायची वेळ झाली, तेव्हा राजा एकटाच पायी पाखरबाईच्या झोपडीपाशी आला. हातात बागेतले दोन पेरू होते. राजाला माफी मागायची सवय नसते, म्हणून त्यानं पेरू पुढे केले.

"चला बाई, माळ पाहून येऊ," तो म्हणाला.

दोघं गवताच्या कडेकडेनं चालले होते. गवतानं बी धरलं होतं, टक्कल पडलेल्या जागाही झाकल्या जाऊ लागल्या होत्या. वळणावर पाखरबाईनं राजाचा हात धरून त्याला थांबवलं. आपण राजाचा हात धरला हे तिच्या लक्षातही आलं नाही. समोर मोकळ्या जागेत एक तणमोराची मादी नाकतोडे टिपत होती, आणि तिच्या मागोमाग दोन पिलं. चालताना ती एक पाय जरा झटकत होती.

मादीनं मान वर केली. तिची आणि पाखरबाईची नजर एक झाली. क्षणभरच. मग तिनं कसलासा बारीक आवाज केला, पिलं जागीच मातीला चिकटली, आणि ती स्वतः दुसऱ्याच दिशेला, पिलांपासून लांब, पळत सुटली. माणसांचं लक्ष पिलांवर जाऊ नये म्हणून.

पाखरबाईनं राजाला मागे ओढलं. दोघं पावलं न वाजवता बरंच मागे आले. राजानं तिच्याकडे पाहिलं, तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका," राजा कळवळून म्हणाला. "पाखरूच ते. तिनं तुम्हाला ओळखलं नाही."

"ओळखलं महाराज," पाखरबाई म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "ओळखलं म्हणूनच पळाली."

मग दोघांनी बोरीच्या सावलीत बसून पेरू खाल्ले. पितळी वाटी अजून तिच्या कमरेला होती. म्हातारा मेंढपाळ तिकडूनच मेंढ्या घेऊन येत होता, त्यानं ती वाटी मागून घेतली आणि तिच्यात तिघांसाठी ताक ओतलं. तेव्हापासून ती वाटी ताकाचीच झाली.

तात्पर्य: ज्याला आपण वाढवलं त्यानं आपल्याजवळ राहावं असं आपल्याला वाटतंच, त्यात गैर काही नाही, पण त्याला आपल्यावाचून जगता यावं म्हणून जो स्वतःचा हात मागे घेतो, त्याचीच माया पुरी झाली म्हणायची.